दूरच्या वर्गात बसताना : विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना आणि त्यांमागचे अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावातील अभ्यासकेंद्रात येत्या सत्रापासून दृक्‌श्राव्य जोडणीचा वर्ग सुरू होत आहे. प्राध्यापक शहरातील वर्गात शिकवतील, तेथे त्यांच्यासमोर विद्यार्थी बसलेले असतीलच. त्याच वेळी आमचे १८ विद्यार्थी येथील खोलीत पडद्यासमोर बसून तोच तास ऐकतील आणि त्यांनी प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा आहे. या विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे सूचनापत्रक तयार करण्याचे काम केंद्राची समन्वयक म्हणून माझ्याकडे आले आहे. वरून जो नमुना आला, त्यात २२ सूचना असून त्यांतील १९ सूचना ‘करू नये’ या शब्दांनी संपतात. तो वाचल्यावर मला पडलेला प्रश्न असा की, यातले काहीच न करणारा विद्यार्थी त्या खोलीत नेमके काय करील? टीव्ही पाहावा तसा तो तास पाहील आणि एसटी पकडून घरी जाईल.

म्हणून ज्यांनी अशा वर्गात विद्यार्थी म्हणून बसून काही शिकले आहे, त्यांना लिहिण्याचे निमंत्रण देत आहे. आपल्याला कोणता नियम खरोखर उपयोगी पडला आणि तो कोणत्या प्रसंगातून समजला, एवढेच सांगावे. ऑनलाइन शिक्षण चांगले की वाईट हा वाद येथे नको. तो आपण सर्वांनी २०२० साली पोटभर घातला आहे.

अभियंता, पुणे

१९९८ साली मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या लहान शाखेत शिकत होतो. एक विषय शिकवणारे प्राध्यापक दीडशे मैलांवरच्या मुख्य आवारात असत आणि तो तास आम्ही सहा जण जोडणीवरून घेत असू. त्या वेळी टेलिफोन कंपनीच्या आयएसडीएन वाहिन्या वापरल्या जात. ६४ किलोबिटच्या सहा वाहिन्या एकत्र बांधून ३८४ किलोबिटची एक जोडणी तयार होई आणि चित्र व आवाज दोन्ही तेवढ्यातच बसवावे लागत. परिणामी कोणी भराभर हात हलवले की पडद्यावर हाताऐवजी एक पुसट ढग दिसे. बारीक रेघांचे सदरे घालू नयेत, अशी सूचना आम्हांला पहिल्याच दिवशी मिळाली होती आणि ती मला हास्यास्पद वाटली होती. मी मुद्दाम तसाच एक सदरा घालून गेलो, तेव्हा माझ्या छातीवर तासभर मुंग्यांची रांग चालत असल्यासारखे दिसत होते, असे पलीकडच्या एका मुलीने नंतर सांगितले.

तीन-चार ठिकाणचे वर्ग एकाच वेळी जोडलेले असले की ज्या खोलीतून आवाज येईल त्या खोलीचे चित्र सर्वांच्या पडद्यावर आपोआप येत असे. यंत्राला प्रश्न आणि खोकला यांतला फरक कळत नाही. एकदा प्राध्यापक फळ्यावर समीकरण मांडत असताना माझ्या शेजाऱ्याने वेफर्सची पिशवी फोडली आणि समीकरणाच्या जागी चारही शहरांत त्याचे तोंड झळकले. तोंडात घास होता. त्यानंतर त्याने वर्षभर त्या वर्गात काही खाल्ले नाही. मात्र बोललाही नाही, आणि माझ्या मते खरे नुकसान हे दुसरे झाले.

मेजावरच्या मायक्रोफोनचे बटण दाबून धरल्याशिवाय आवाज पलीकडे जात नसे. आम्ही घाईने बोलायला सुरुवात करत असू आणि बटण मागाहून दाबत असू, त्यामुळे प्रश्नाचा पहिला शब्द नेहमी गळून पडे. ‘का’ हाच शब्द गळाला तर प्रश्न विधान होतो आणि प्राध्यापक ‘बरोबर’ म्हणून पुढे जातात. आधी बटण, मग एक श्वास, मग आपले नाव व गाव, आणि त्यानंतर प्रश्न, हा क्रम माझ्या इतका अंगवळणी पडला आहे की आजही कंपनीच्या बैठकीत मी आधी श्वास घेतो. आपल्या पत्रकात एकच ओळ बसणार असेल तर ही बसवावी, असे मी सुचवीन.

निवृत्त प्राध्यापिका, बेळगाव

२००४ साली २० सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला आणि पुढच्या काही वर्षांत कर्नाटकातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या गच्चीवर त्याच्या थाळ्या आल्या. मी तेव्हा अध्यापक असले तरी त्या खोलीत विद्यार्थ्यांबरोबर मागच्या बाकावर बसून एक पूर्ण विषय नव्याने शिकले, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

तेथे माझ्या ध्यानात आलेली पहिली गोष्ट म्हणजे अंतर. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर होता. आपला आवाज तेवढा वर जाऊन तेवढाच खाली येण्यास साधारण पाव सेकंद घेतो आणि समोरच्याचा ‘हं’ आपल्यापर्यंत परतण्यास आणखी पाव सेकंद. यंत्रे आवाज बांधतात आणि सोडतात तो वेळ निराळा. अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु आपल्या बोलण्याची लय त्यात पुरती मोडते. विद्यार्थी प्रश्न विचारून थांबे, उत्तर आले नाही असे वाटून ‘हॅलो, सर?’ म्हणे, नेमके त्याच वेळी सरांचे उत्तर सुरू झालेले असे, मग दोघेही थांबत आणि दोघेही पुन्हा एकदम बोलू लागत. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या माणसांनी एकाच बाजूला सरकावे, तसा हा प्रकार होता. शेवटी आम्ही ठरवले की प्रश्न संपल्यावर ‘माझा प्रश्न संपला’ असे स्पष्ट म्हणायचे आणि मनातल्या मनात तीन अंक मोजेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. मुलांना प्रारंभी हे नाटकी वाटले. मात्र दोन आठवड्यांत एका तासाला दोन प्रश्नांच्या जागी सात-आठ प्रश्न होऊ लागले.

पावसाविषयीही सांगायला हवे. या जोडणीच्या उच्च वारंवारतेच्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात आणि बेळगावचा जुलै कसा असतो ते वाचकांना ठाऊक असेल. चित्राचे चौकोन होऊन गोठले की वर्ग आनंदाने उठत असे. त्यावर उपाय म्हणून आम्ही दर तासाला एका विद्यार्थ्याकडे काम सोपवले: जोडणी तुटली तर शेवटचे ऐकलेले वाक्य आणि वेळ वहीत लिहायची, उरलेल्यांनी त्या वाक्यापासून पुढे पुस्तकातून वाचत राहायचे, आणि जोडणी परत आली की त्या विद्यार्थ्याने आपण होऊन सांगायचे की सर, आम्ही अमुक ठिकाणी थांबलो होतो. सरांना ते कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्या बाजूला तर सारे सुरळीतच दिसत असे.

बी.एस्सी. झालेली विद्यार्थिनी, दापोली तालुका

आमच्याकडे निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आले आणि त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या वाडीत वीज नव्हती. तास सुरू झाले तेव्हा मी वडिलांचा फोन घेऊन वरच्या सड्यावर जात असे, कारण रेंज तेथेच येई. म्हणून माझे नियम खोलीतल्यांपेक्षा वेगळे आहेत. आवाज हा तासाचा भात आहे आणि चित्र ही चटणी आहे, हे मनाशी पक्के केले की निर्णय सोपे होतात: रेंज पडू लागली की प्रथम आपला कॅमेरा बंद करायचा, मग समोरचे चित्रही बंद करायचे, आणि आवाज शेवटपर्यंत धरून ठेवायचा. आकृत्या वर्गमैत्रिणीकडून रात्री व्हॉट्सअॅपवर मागवता येत. बॅटरी किती टक्के आहे ते मी तासाच्या आरंभीच मॅडमना लिहून कळवत असे, म्हणजे मी मध्येच नाहीशी झाले तर त्यांना कारण शोधावे लागत नसे.

आणखी एक गोष्ट, जी क्षुल्लक वाटेल. फोन वडिलांचा असल्यामुळे पडद्यावर माझे नाव ‘गणेश मोटर रिवाइंडिंग’ असे दिसे. पहिले आठ दिवस माझी गैरहजेरी लागली आणि मॅडमनी एकदा गंभीरपणे विचारले, ‘गणेश, आपण कोणत्या वर्गाचे?’ तेव्हा आत शिरण्यापूर्वी नाव बदलणे आणि त्यापुढे हजेरी क्रमांक लिहिणे ही सूचना अवश्य घालावी.

*(समन्वयक: नमुन्यात ‘कॅमेरा सदैव सुरू ठेवावा’ अशी सूचना आहे. आपल्या अनुभवानंतर ती जशीच्या तशी ठेवण्याचे मन होत नाही. इतरांनी यावर लिहावे.)*

कर्णबधिर विद्यार्थ्याची आई, नाशिक

समन्वयकांच्या प्रश्नावर लिहिते. वरील विद्यार्थिनीचे म्हणणे मला पटते, तरीही माझ्या मुलासाठी कॅमेरा हाच आवाज आहे. तो ओठांच्या हालचाली वाचतो आणि सांकेतिक भाषा वापरतो. बोलणाऱ्याच्या मागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो, आणि मग माझ्या मुलाच्या दृष्टीने तो मनुष्य मुका असतो. तेव्हा कॅमेरा सदैव सुरू ठेवावा असे न लिहिता, जो बोलेल त्याने बोलण्यापुरता सुरू करावा, उजेड समोरून घ्यावा आणि तोंडावर हात किंवा वही धरू नये, असे लिहिता येईल. दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्यांचा थोडा गोंधळ होतो. माझ्या मुलाच्या हातून मात्र दोघेही सुटतात, कारण त्याला एका वेळी एकाच चेहऱ्याकडे पाहता येते. त्याच्या वर्गातील मुलांनी बोलण्यापूर्वी हात वर करण्याची सवय त्याच्यासाठी लावून घेतली, आणि त्याचा लाभ साऱ्या वर्गाला झाला असे त्याच्या शिक्षकांचे म्हणणे आहे.

गायनाची विद्यार्थिनी, मडगाव

माझ्या गुरू पुण्यात असतात आणि आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याकडून या पद्धतीने शिकते. दोघींनी एकत्र गाणे या जोडणीवर शक्य नाही, हे पहिल्या तासातच कळले. मी त्यांच्या स्वरात स्वर मिसळत होते, पण त्यांना माझा स्वर उशिरा पोहोचत असल्याने त्या मला सारख्या ‘मागे पडतेस’ म्हणत होत्या, आणि मी घाई करू लागले की लय अधिकच बिघडत होती. आता त्या गातात तेव्हा मी गप्प असते, मी गाते तेव्हा त्या. तानपुरा आणि ठेका माझ्याच खोलीत, माझ्याच बाजूला लागतो.

तानपुऱ्याची गंमत वेगळीच आहे. एकसारखा चालणारा नाद म्हणजे पंख्याची घरघर असे समजून ते सॉफ्टवेअर तो गाळून टाकते. गुरूंना माझा षड्ज पोकळीत लटकल्यासारखा ऐकू येई आणि मी तानपुरा न लावताच बसले आहे असा त्यांचा समज झाला होता. दोन तास मी त्यावरून बोलणी खाल्ली. गोंगाट गाळण्याची ती सोय बंद करून मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय निवडल्यावर त्यांचा पहिला उद्गार होता, ‘आज लावलास होय!’

पालक आणि मराठी शाळेची स्वयंसेवक, न्यू जर्सी

थोडक्यात लिहिते. आमच्या मुलांना रविवारी पुण्याहून एक बाई मराठी शिकवतात: आमचे सकाळचे १०, त्यांचे संध्याकाळचे ७.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमची घड्याळे एक तास मागे जातात, भारतातली जात नाहीत. त्या दिवशी बाई ठरल्याप्रमाणे ७.३० ला येऊन बसल्या, तेव्हा आमच्याकडे ९ वाजले होते आणि मुले झोपेत होती. बाई तासभर एकट्या बसून राहिल्या आणि त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही, याची आम्हांला आजही लाज वाटते. तेव्हापासून वेळ लिहिताना दोन्ही गावांची लिहितो, आणि बदल होण्यापूर्वीच्या रविवारी मुलांकडून ती मोठ्याने म्हणवून घेतो.

तंत्र साहाय्यक, एका महाविद्यालयाचे दूरवर्ग-केंद्र, मराठवाडा

मी विद्यार्थी नाही, परंतु १२ वर्षे या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात बसून इतके तास ऐकले आहेत की निमंत्रणात मी बसतो असे समजतो. विद्यार्थी तासाच्या ठोक्याला येतात. जोडणी तपासायला १५ मिनिटे लागतात आणि त्या वेळात खोलीत एक जरी विद्यार्थी असला तर मला पलीकडे विचारता येते की तिसऱ्या रांगेतला आवाज पोहोचतो का. रिकाम्या रांगेचा आवाज तपासता येत नाही. दुसरे म्हणजे सगळे मागच्या भिंतीला टेकून बसतात. मायक्रोफोन छताला पुढच्या बाजूस आहेत, पंखा मधोमध आहे. मागच्या रांगेतून विचारलेला प्रश्न पलीकडच्या प्राध्यापकांना पंख्यातून आल्यासारखा ऐकू येतो, दोनदा ‘पुन्हा सांगा’ झाले की मुले ‘काही नाही सर’ म्हणतात, आणि तो प्रश्न गेला तो गेलाच. काही विभागांत मी मागच्या दोन रांगांच्या खुर्च्याच उचलून ठेवतो. त्यावर कुरकुर होते, पण प्रश्न पोहोचतात.

तास संपल्यावरची सूचना मात्र कोणत्याच पत्रकात मी पाहिलेली नाही. पलीकडचे प्राध्यापक ‘धन्यवाद’ म्हणून वह्या आवरू लागतात, इकडे मुले उठतात, पडदा अजून उजळलेला असतो आणि मायक्रोफोनवरचा लाल दिवाही. एका वर्षी एका विद्यार्थ्याने त्या अर्ध्या मिनिटात सरांच्या उच्चारांची हुबेहूब नक्कल केली आणि खोली हसून लोटपोट झाली. पडद्यावर सर चष्मा पुसता पुसता थांबले, त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, ‘ळ चा उच्चार माझ्याहून तुमचा चांगला आहे. पुढच्या तासाला पहिला परिच्छेद तुम्ही वाचा.’ त्याने वाचला. आता मी मुलांना दारातून बाहेर सोडण्यापूर्वी दिवा दाखवतो: लाल असेपर्यंत वर्ग सुरू आहे.