पर्सनल यूपीआयवरून बिझनेस क्यूआरवर जायचं तर खरा खर्च कुठे लागतो? (भांड्यांचं दुकान, नाशिक)

भांडीबाजार_नाशिक यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, मालकी एकट्याची, जीएसटी नोंदणी नाही. सध्या सगळी वसुली बचत खात्याच्या पर्सनल क्यूआरवर चालते. महिन्याला यूपीआयने साधारण १ लाख ९० हजार, वर लाखभर रोख. बिलं दोन तऱ्हेची आहेत. ताम्हण, निरांजन, तांब्याची बाटली असा किरकोळ माल ३०० ते १,५०० रुपयांचा. घंगाळ, बंब, हंडा असा वजनावर विकला जाणारा माल ५ ते ८ हजारांचा, आणि त्यात सुटतं ते जेमतेम १२ टक्के.

आता गिऱ्हाईक क्रेडिट कार्डाचं यूपीआय घेता का म्हणून विचारतं आणि पर्सनल क्यूआरवर ते चालत नाही. बाहेरगावची मंडळी फोनवर ऑर्डर देऊन पेमेंट लिंक मागतात. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्याआधी नीट घडी बसवायची आहे. बिझनेस खातं केलं तर दर व्यवहाराला किती कापतात? चालू खातं काढावंच लागतं का? आणि बिझनेस केलं की जीएसटीची नोटीस येते असं शेजारी म्हणतात, त्यात तथ्य किती?

---

गोदाकाठ यांचं उत्तर:

दादा, आधी कापण्याचं बघू, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यूपीआय केलं तर व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवर तो शून्यच आहे. रक्कम ५० रुपये असो की ८ हजार, पर्सनल क्यूआर असो की बिझनेस, फरक नाही. म्हणजे तुमच्या १ लाख ९० हजारांतला बँक खात्यातून येणारा सगळा पैसा पूर्वीसारखाच पूर्ण जमा होईल.

पैसे कापले जातात ते बिझनेस क्यूआरबरोबर उघडणाऱ्या दुसऱ्या वाटांवर. पहिली वाट रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून केलेलं पेमेंट. छोट्या व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत ते फुकट आहे, त्यापुढे क्रेडिट कार्डासारखा एमडीआर लागतो. तो २ टक्के धरा. ६,००० च्या घंगाळावर १२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २१ रुपये ६० पैसे, एकूण १४१ रुपये ६० पैसे. तुमच्या हाती येतात ५,८५८ रुपये ४० पैसे. १२ टक्क्यांनी त्या घंगाळावर तुम्हाला ७२० सुटणार होते, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. जीएसटी नोंदणी नसल्यामुळे ते २१ रुपये ६० पैसे परतही मिळत नाहीत.

दुसरी वाट वॉलेटची. वॉलेटमधल्या शिलकीतून यूपीआय क्यूआरवर २,००० च्या वर पैसे आले तर १ एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज (बँका आणि ॲप यांच्यातलं आपसातलं शुल्क) आहे. तो गिऱ्हाइकाकडून घेतला जात नाही, तुमच्या बाजूच्या बँकेला किंवा ॲपला द्यावा लागतो. ते तो तुमच्यावर टाकतात की नाही हे करारात बघा.

म्हणून माझं मत असं: किरकोळ मालासाठी क्रेडिट खुशाल चालू ठेवा, २,००० च्या आत तुमचं काहीच जात नाही. वजनाच्या मालावर ते घ्यायचं की नाही हे आधी ठरवा. क्रेडिट पूर्ण बंद करण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, कुठे ॲपच्या सेटिंगमध्ये, कुठे बँकेला लेखी अर्ज देऊन. ‘क्रेडिटने देताय तर वर दोन टक्के द्या’ असं मात्र काउंटरवर म्हणू नका. ते करारात बसत नाही आणि तक्रार झाली तर क्यूआर बंद होतो. घ्यायचंच असेल तर भावात मजुरी धरतानाच त्याचा विचार करा.

स्वाइप मशीन घेण्याच्या भानगडीत इतक्यात पडू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर रुपे सोडून इतर डेबिट कार्डांवर ०.९० टक्क्यांपर्यंत एमडीआर लागतो (एका व्यवहाराला जास्तीत जास्त १,००० रुपये), क्रेडिट कार्डावर त्याहून जास्त, आणि मशीनचं भाडं वेगळंच.

---

हिशोबाची_वही यांचं उत्तर:

नोटिशीच्या भीतीबद्दल लिहितो. बिझनेस खातं केल्याने नोटीस येत नाही आणि पर्सनलवर राहिल्याने टळतही नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआय जमेच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्याच होत्या. विभाग बघतो तो पॅनवरची एकूण उलाढाल. क्यूआर कुठल्या रंगाचा होता याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तुमचा आकडा मांडू. यूपीआय १ लाख ९० हजार गुणिले १२ म्हणजे २२ लाख ८० हजार. रोख १२ लाख. एकूण ३४ लाख ८० हजार. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, म्हणजे उरले ५ लाख २० हजार. सिंहस्थाच्या वर्षी एवढी वाढ सहज होईल. उलाढाल ४० लाखांपुढे गेली की ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. रोख विक्रीही यात मोजतात, हे लोक विसरतात.

त्याहून मोठा धोका तुमच्या बाहेरगावच्या ऑर्डरीत आहे. पुणे, मुंबई, नागपूर ठीक, राज्याच्या आतच आहे. पण सुरतेला किंवा इंदूरला एक जरी पार्सल गेलं तरी करपात्र मालाच्या आंतरराज्य विक्रीला ४० लाखांची सूट लागू होत नाही, नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे. तुमचा कुठला माल तिच्यात बसतो ते सीएकडून तपासून घ्या, स्वतः गृहीत धरू नका. पुढे नोंदणी करून कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठरावीक दराची सोपी योजना) घेतलीत तर व्यापाऱ्याला कर १ टक्का, पण तिच्यातही परराज्यात माल पाठवता येत नाही. बाहेरच्या राज्यात विकायचं असेल तर नियमित नोंदणीच.

इन्कम टॅक्समध्ये उलट यूपीआयचा फायदाच आहे. अनुमानित पद्धतीत (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी) रोखीच्या विक्रीवर नफा ८ टक्के धरतात, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. तुमच्या २२ लाख ८० हजारांवर १ लाख ३६ हजार ८०० आणि रोखीच्या १२ लाखांवर ९६ हजार. हे किमान आकडे आहेत, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. पैसे पर्सनलवर आले की बिझनेसवर, याने ६ टक्क्यांत फरक पडत नाही. फक्त बचत खात्यात मेव्हण्याने परत केलेले उसने पैसे, घरभाडं आणि विक्री एकत्र असेल तर ‘ही जमा विक्री नाही’ हे प्रत्येक ओळीसाठी दाखवत बसावं लागतं. वेगळं खातं काढायचं खरं कारण हे आहे.

---

क्यूआर_जोडणी यांचं उत्तर:

खातं आणि जोडणी यांबद्दल.

चालू खातं लागतंच का? ॲप कंपन्या एकट्या मालकाला बचत खात्यावरही व्यापारी क्यूआर देतात. पण बँकेच्या नियमात बचत खातं व्यापारी पेढीसाठी नाही, आणि महिन्याला दीड-दोन लाखांची रोजची छोटी जमा दिसली की शाखेतून विचारणा होऊ शकते. पेढीच्या नावाने चालू खातं काढा. पेढीच्या नावाचे दोन पुरावे मागतात. एक उद्यम (छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं) प्रमाणपत्र, सरकारी पोर्टलवर फुकट निघतं, एजंटला पैसे देऊ नका. दुसरा गुमास्ता (दुकानाची नोंदणी), वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिल्याची पावती मिळते, तीच चालते. किमान शिलकीची अट आणि महिन्याला फुकट रोख भरण्याची मर्यादा शाखेत आधी विचारा. तुमची लाखभर रोख भरायची असते, त्यावर शुल्क लागलं तर क्यूआरवर वाचवलेलं तिथे जाईल.

अर्ज अडकतो तो नावावरून. पॅनवर एक नाव, गुमास्त्यावर ‘अँड सन्स’, बँकेत तिसरंच. ॲप खात्यात १ रुपया टाकून बँकेतलं नाव ताडून बघतं आणि जुळलं नाही की अर्ज परत. म्हणून आधी उद्यम आणि गुमास्त्यावर पेढीचं नाव अक्षरन् अक्षर सारखं करा, मग खातं, मग क्यूआर. उलट क्रमाने केलंत तर सगळं दोनदा करावं लागतं.

नुसत्या पॅन-आधारवर ‘छोटा व्यापारी’ म्हणून पाच मिनिटांत कोड देतात, तो घेऊ नका. त्याला महिन्याच्या जमेची मर्यादा असते आणि तुमची रक्कम तिच्यात बसणार नाही. पूर्ण केवायसी करूनच घ्या.

अर्जात धंद्याचा प्रकार निवडताना घाई नको. त्यावरून चार आकडी व्यापारी कोड पडतो. घरगुती वस्तू किंवा भांडी असाच प्रकार निवडा. चुकून ‘ज्वेलरी’ निवडलं तर काही कार्डं आणि मर्यादा वेगळ्या लागू होतात. क्यूआर हातात आला की साध्या स्कॅनरने, पेमेंट ॲपने नव्हे, स्कॅन करून त्यातली ओळ वाचा. ‘एमसी’ या अक्षरांपुढे चार शून्यं दिसली तर तो अजून पर्सनलच आहे, मग त्यावर दुकानाचं नाव कितीही मोठं छापलेलं असो.

साउंडबॉक्सचं (पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं) भाडं साधारण शंभर-सव्वाशे रुपये महिना, ते जमेतूनच परस्पर कापतात. त्यात एकाच कंपनीचं सिम असतं. भांडी बाजाराच्या गल्लीत दुकानाच्या आतल्या बाजूला कुठल्या सिमची रेंज येते ते बघूनच मागा.

---

भांडीबाजार_नाशिक:

फार मोलाची माहिती. दोन शंका राहिल्या. व्यापारी क्यूआरवर पैसे लगेच खात्यात येतात का? तांबटांना संध्याकाळी मजुरी द्यावी लागते. आणि पेमेंट लिंकचं काय?

---

क्यूआर_जोडणी:

कोणाचा क्यूआर घेता यावर आहे. बँकेचा स्वतःचा असेल तर बहुतेक वेळा थेट खात्यात लगेच येतात. ॲप कंपनीचा असेल तर पैसे आधी त्यांच्याकडे थांबतात आणि ठरावीक वेळेला किंवा दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा जमा होतात. शनिवारची विक्री कधी जमा होईल हे सही करण्याआधी लेखी विचारा. पासबुकात पन्नास गिऱ्हाइकांऐवजी एकच ओळ दिसते, त्यातून साउंडबॉक्सचं भाडं आणि एमडीआर आधीच वजा. म्हणून आठवड्याला सेटलमेंट रिपोर्ट उतरवून ठेवायचा, नाहीतर वर्षअखेरीस विक्री आणि जमा यांचा मेळ लागत नाही. विक्री नेहमी पूर्ण रकमेची लिहायची, कापून आलेली नव्हे.

रोज मजुरी द्यायची आहे तर तुम्ही बँकेचाच क्यूआर घ्या. आणि हे लक्षात ठेवा की व्यापारी क्यूआर फक्त पैसे घेतो. मजुरी आणि माल आणण्याचे पैसे त्याच चालू खात्यातून नेहमीच्या यूपीआयने किंवा एनईएफटीने द्यावे लागतील. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिल्या २४ तासांत ५,००० पर्यंतच पैसे जातात, म्हणून हे मजुरीच्या आदल्या दिवशी करू नका.

---

गोदाकाठ:

लिंकबद्दल. गेटवे कंपनीची (ऑनलाइन पेमेंट घेऊन देणाऱ्या कंपनीची) लिंक घेतली तर साधारण २ टक्के अधिक जीएसटी. १,२०० च्या बाटलीवर २४ आणि ४ रुपये ३२ पैसे, म्हणजे २८ रुपये ३२ पैसे. गिऱ्हाइकाने यूपीआयने दिले तरी काही कंपन्या हे घेतात, कारण ते एमडीआर म्हणून नाही तर त्यांच्या सेवेचं शुल्क म्हणून लावतात. दिवसाला दोन-चार ऑर्डरी असतील तर लिंक हवी कशाला? व्यापारी ॲपमधून रक्कम भरलेला क्यूआर तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवा, शून्यात काम होतं. वेबसाइट काढाल तेव्हा गेटवे बघा.

ॲप कंपनीकडे गेलात तर दोन महिन्यांत ‘तुमच्यासाठी दीड लाखाचं कर्ज मंजूर’ असे संदेश येतील. त्याचा हप्ता रोजच्या जमेतून कापला जातो. पावसाळ्यात विक्री मंदावली तरी कपात चालूच राहते, आणि मग तांबटांच्या मजुरीला हात आखडतो.

---

हिशोबाची_वही:

एक राहिलं, आणि सिंहस्थात ते फार उपयोगाचं आहे. एखाद्या गिऱ्हाइकाकडून आलेला पैसा मुळात सायबर फसवणुकीचा निघाला तर पोलिसांच्या पत्रावरून बँक तेवढ्या रकमेवर, कधी पूर्ण खात्यावर, रोक लावते. घरखर्चाचं खातं तेच असेल तर गॅसचं बिल आणि गृहकर्जाचा हप्ता दोन्ही अडकतात. वेगळं खातं असेल तर निदान घर चालतं. सोडवण्यासाठी बँकेला बिल दाखवावं लागतं. म्हणून २,००० च्या वरच्या प्रत्येक विक्रीच्या बिलावर वस्तू, वजन, भाव, तारीख आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक लिहा, मोबाइल नंबर दिला तर तोही.

गर्दीत रेंज गेली आणि साउंडबॉक्स बोलला नाही तर गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी टिक बघून माल देऊ नका, तसे खोटे पडदे दाखवणारी ॲप आहेत. आपल्या ॲपमध्ये तो १२ आकडी क्रमांक दिसला तरच पैसे आले समजा. आणि रोज सकाळी शटर उघडल्यावर आपल्याच क्यूआरवर १ रुपया टाकून नाव वाचा. रात्रीतून वर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलं असेल तर दिवसाची विक्री जायच्या आत कळेल.

---

भांडीबाजार_नाशिक:

ठरलं. आधी उद्यम आणि गुमास्त्यावरचं नाव एक करतो, मग चालू खातं आणि बँकेचाच क्यूआर. क्रेडिट सध्या बंद ठेवतो, दिवाळीत किरकोळ मालाला किती जण मागतात ते मोजून बघतो. आणि गुजरातमधल्या वापीची एक ऑर्डर आली आहे, ती सीएला विचारल्याशिवाय पाठवत नाही.