शब्दचर्चा : ‘तयार’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

दापोलीकरीण :
मंडळी, एक अनुवाद हाती आहे आणि चार दिवस एकाच जागी अडून बसलेय. मजकूर कॅनडातला, घरच्या बागकामाचा. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. केंद्राच्या कायद्यानुसार एका घरात चार झाडं लावता येतात, क्वेबेकसारख्या प्रांतात मात्र घरी लावायला मनाई आहे. तर टोमॅटो-काकडीच्या पंगतीत या झाडाचंही एक प्रकरण आहे. बाकी सगळं झालं, अडलं ते ‘कधी काढायचं’ इथे.

लेखक म्हणतो, फुलांतले पांढरे धागे तपकिरी पडू लागले की भिंग घेऊन बसा. फुलांवर राळेचे अगदी बारीक थेंब असतात, टाचणीच्या डोक्यासारखे, देठावर बसलेले. आधी काचेसारखे स्वच्छ, मग दुधी, मग मधाच्या रंगाचे. या पायऱ्यांमध्ये काही दिवसांचा एक अवकाश असतो, त्याला इंग्रजीत ‘हार्वेस्ट विंडो’ म्हणतात. मी पहिल्या खर्ड्यात ‘कापणीची खिडकी’ लिहिलं. आमच्या ह्यांनी वाचून विचारलं, “खिडकीतून कोण कापणार?”

तर तीन प्रश्न. त्या काही दिवसांना काय म्हणू? तीन पायऱ्यांना मराठी शब्द आहेत का? आणि ‘बड’ला ‘कळी’ चालेल का?

माडाखालचा, मालवण :
तिसऱ्याचं आधी. कळी अजिबात नको. कळी म्हणजे न उमललेलं फूल. तुमच्या लेखातली वस्तू उमलून, भरून, चिकट होऊन बसलेली आहे. इंग्रजांनी तिला काहीही म्हणू दे.

पायऱ्यांसाठी माडावर चढा. शहाळं, आडसर, नारळ, गोटा. शहाळ्यात नुसतं पाणी आणि वर मलई. आडसरात खोबरं धरलेलं असतं पण कोवळं, पाणीही बरंच. नारळ म्हणजे फुलोरा उमलल्यापासून जवळजवळ वर्षभर झाडावर राहिलेला. आणि गोटा म्हणजे आतलं पाणी आटून खोबरं करवंटीपासून सुटलेलं, हलवलं की खुळखुळतं. पाडेली वर चढला की खालून घरातलं माणूस ओरडतं, “आडसर आसा तो, रवांदे!” म्हणजे अजून आडसर आहे, राहू दे. पण त्याच दिवशी पाहुणे आले असतील तर तोच पाडेली शेजारच्या पेंडीतली शहाळी उतरवतो आणि कोणी त्याला ‘कच्ची पाडलीस’ म्हणत नाही.

माझं म्हणणं इतकंच की ‘तयार’ हा शब्द एकटा उभाच राहत नाही. कशाला तयार? पाण्याला, सोलकढीला की तेलाला?

कलमवाला, देवगड :
माडाखालच्यांशी सहमत, आंब्यालाही तेच लागू.

आमच्याकडे कोणी ‘पिकला की काढ’ म्हणत नाही. पिकतो तो घरात, अढीत, म्हणजे गवताच्या थरांत. झाडावर तो ‘जून’ होतो, आणि जूनपणा मोजायचा आण्यात. रुपयाचे सोळा आणे गेले, आंब्याचे राहिले. हापूस चौदा आण्यांना उतरवायचा, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वता. देठाजवळचे खांदे वर आलेले, देठाशी किंचित खळगा, हिरव्या रंगाचा तजेला उतरून फिकटपणा आलेला. सोळा आणे होईपर्यंत थांबलात तर साका होण्याचा धोका वाढतो. (साका म्हणजे आत गर पांढरट, आंबट, स्पंजासारखा. बाहेरून आंबा राजबिंडा दिसतो, गिऱ्हाईक घरी जाऊन शिव्या घालतं.) बारा आण्याचा काढलात तर अढीत सुरकुततो, गोडी येत नाही. उतरवताना थोडा देठ ठेवायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे देठासकट आंबा काढायचं अवजार, त्यासाठीच. दापोलीकरीणबाईंना हे मी सांगायला नको.

तर पहिली सूचना : ‘काही थेंब दुधी, थोडे मधाळ’ याला सरळ ‘चौदा आणे’ लिहा. कोकणातला वाचक भिंग न लावता समजेल.

दापोलीकरीण :
कलमवाले, ‘मधाळ’ नको हो, ते बोलण्याला लागतं. चौदा आणे मात्र फार आवडलं. पण नागपूरच्या वाचकाचं काय?

वनस्पतीवाली :
एक दुरुस्ती आगाऊच करून ठेवते, कारण अनुवादात हे हमखास चुकतं. ते ‘पांढरे धागे’ म्हणजे पुंकेसर नव्हेत. गांजासाठी ठेवतात ती मादी झाडं, आणि त्यांच्यावर पुंकेसर नसतातच. ते धागे म्हणजे कुक्षी, परागकण धरणारा भाग. गंमत अशी की ‘केसर’ लिहिलंत तर पुंकेसराचा भास होतो, पण मसाल्यातलं केशर म्हणजे त्या फुलाच्या सुकवलेल्या कुक्षीच. त्यामुळे ‘केशरासारखे धागे’ म्हटलं तर शास्त्रही सांभाळलं जातं आणि चित्रही दिसतं.

‘बड’साठी ‘फुलोरा’. एका दांड्यावर फुलांची दाटी असली की मराठीत तोच शब्द. ‘मंजिरी’ही सुचला होता, पण तो तुळशीचा. ‘तुळशीत भांग’ ही म्हण असताना भांगेच्या झाडाला तुळशीची मंजिरी देणं मला जड गेलं.

राळेच्या थेंबांचं म्हणाल तर ‘लव’ शब्द घ्या, राळेची लव. ‘कुसं’ नको. कुसं खाजकुयलीची.

कायद्याचं बोला :
शब्दाचाच मुद्दा आहे म्हणून लिहितो. ‘गांज्याची पानं’ असं कुठे लिहिलं असेल तर तपासा. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती या व्याख्येत येत नाहीत. चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ. पानांची ती भांग. म्हणजे झाड एक, नावं तीन, आणि नाव ठरतं ते कुठला भाग घेतला त्यावर. झाडाला ‘भांगेचं झाड’ म्हणा, फुलोऱ्याला गांजा म्हणा.

आणि एक ठळक टीप घाला, की हे सगळं तिकडचं. आपल्याकडे एक रोप कुंडीत लावणं हासुद्धा गुन्हा आहे, कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘घरची चार झाडं’ वाचून कोणी परसात प्रयोग करायला नको.

दापोलीकरीण :
टीप घातलीच आहे, पहिल्याच पानावर. भाग आणि नाव यांचा मुद्दा मोलाचा. मी दोन ठिकाणी चुकले होते.

जुनं खोड :
‘जून’ शब्दावर थोडं. जीर्ण, प्राकृतात जुण्ण, त्यातून आपला जुना आणि जून. पण जुना म्हटलं की वाईट आणि जून म्हटलं की काढायला योग्य! अर्थात तेही भाजीवर अवलंबून. जून कैरी लोणच्याला हवी, जून भेंडी गाईला. तिथे मग ‘निबर’ म्हणतात, आणि निबरमध्ये कौतुक कधीच नसतं. (निबर माणूसही असतो, पण ते पुन्हा कधीतरी.)

फणसाचंही पाहा. कुयरी भाजीला, तेव्हा ती ‘तयार’. तोच फणस गऱ्यांसाठी ठेवला तर काटे पसरून बोथट व्हायची वाट बघायची, बोटांनी वाजवून बद्द आवाज येतो का ऐकायचं, वास घ्यायचा. डोळा, कान, नाक. आणि तरीही कापल्यावर कधीकधी फजिती होतेच.

पारख करणाऱ्यालाही शब्द होता. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या काळात बंगालात नौगावकडे शेतकरी खास माणूस बोलवत, नर झाडं ओळखून उपटायला. त्याला ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ म्हणत. परखदार म्हणजे आपला पारखी. भिंग नव्हतं त्याच्याकडे.

खळं, रोहा :
इतका वेळ वाचत होतो. सगळे आंबा-नारळ करताय, भाताकडे कोणी बघितलंच नाही.

भात पोटरीत येतं, म्हणजे लोंबी अजून आतच असते. मग निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर पडते, आणि मग तिच्यात दूध भरतं. दाणा चिमटला की पांढरं दूध येतं. मग ते दूध घट्ट होतं, त्याला चीक म्हणतात, दाणा चिकात आला. मग दाणा कडक होतो. तुमच्या कॅनडावाल्याचे थेंब स्वच्छ, मग दुधी, मग मधाच्या रंगाचे. मधली पायरी तर आमच्याच खाचरातली वाटते! ‘दुधात आलं’ म्हणा, मला तरी लगेच कळेल.

आणि तुमच्या त्या खिडकीला शब्द आहे. घात. पेरणीला जमिनीची घात यावी लागते. फार ओल असली तर नांगर चिखलात, फार सुकली तर ढेकळं. मधले तीन-चार दिवस मिळतात, ती घात. घात साधली, घात चुकली. आमच्याकडे भात कापायलाही म्हणतात, “आता घात आहे, परतीचा पाऊस यायच्या आत घ्या.” अलीकडे सगळे ‘योग्य कालावधी’ लिहितात. कृषी खात्याच्या पत्रकासारखं वाटतं.

माडाखालचा, मालवण :
वा! घात. हा शब्द मी आजोबांनंतर ऐकला नव्हता.

वनस्पतीवाली :
खळं, शब्द सुरेख आहे, पण ‘दुधात आलं’ला माझा विरोध. भाताच्या दाण्यात खरंच दूध असतं, पिष्टाचं. इथे राळ धुरकट झालेली असते, आत दूध नाही. वाचक फुलोरा चिमटून बघेल. ‘दुधी’ एवढंच ठेवा, रंग म्हणून. आणि शेवटची पायरी ‘पिकणं’ नाही. तो मधासारखा रंग येतो तेव्हा राळ उतरणीला लागलेली असते, नशा आणणारं द्रव्य हवेनं आणि उजेडानं हळूहळू दुसऱ्याच रूपात जात असतं. सोळा आण्यांच्या पुढे गेलेला आंबा म्हणा.

खळं, रोहा :
बरं, दूध परत घेतो. घात देत नाही.

कलमवाला, देवगड :
आणि हवामान विसरू नका. आमच्याकडे वळीव आला की चौदा आणे, बारा आणे काही राहत नाही, आंबे उतरवायचे. रातांब्याचंही (कोकमाचंही) तसंच, पाऊस लागला की सोलं वाळणार कुठे? तुमच्या लेखकाकडेही असं काही असेलच.

दापोलीकरीण :
आहे ना! त्याचं झाड उघड्यावर, दिवस लहान होऊ लागले की फुलतं, म्हणजे काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तेव्हाच तिकडे पाऊस आणि पहिलं हिमतुषार. दाट फुलोऱ्यात पाणी अडकून करडी बुरशी धरते. तो लिहितो, की बुरशी दिसली तर थेंब कुठल्याही रंगाचे असोत, थांबू नका. कलमवाले आणि तो एका वाडीतले शोभतील.

तर हा नवा खर्डा, बघा बरं :

“केशरासारखे पांढरे धागे तपकिरी होऊन आत वळू लागले, की फुलोरा भिंगाखाली धरा. राळेची लव काचेसारखी स्वच्छ असेल तर झाड अजून कोवळं आहे. बहुतेक थेंब दुधी झाले आणि एखाद-दुसरा मधाच्या रंगाचा दिसू लागला, की काढणीचा घात आला. तो थोडेच दिवस टिकतो.”

चौदा आणे तळटीपेत घालते. नागपूरकरांसाठी.

खळं, रोहा :
ताई, ‘आला’ नाही, आली. ती घात. तो घात झाला म्हणजे पीकच गेलं.

दापोलीकरीण :
अरे देवा. बदलते.