ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवला. आता केस पूर्ववत होतील का?

प्रश्न (लातूरहून)
धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या गडबडीत मी दीड महिना रोज सकाळी स्ट्रेटनर वापरला आणि घाईत कित्येकदा केस पुरते वाळण्याआधीच तो फिरवला. चर्र आवाज येऊन वाफ निघायची, तेव्हा मला ते काम नीट होत असल्याचेच लक्षण वाटे. आता कपाळाजवळच्या बटा वाळल्या कडब्यासारख्या झाल्या आहेत, केसांवर मधूनमधून पांढरे ठिपके दिसतात आणि कंगवा लावला की केस नेमका त्या ठिपक्यापाशीच तुटतो. सासूबाई अंडे-दही लावायला सांगतात, तर ओळखीच्या पार्लरमध्ये केराटिन, म्हणजे द्रावण लावून केस सरळ-मऊ करण्याचा उपचार, करून घ्यायला सुचवले आहे. घरीच काही करता येईल का?

उत्तर (नांदेडहून, स्वतःचे पार्लर आहे)
ताई, स्पष्टच लिहिते. टाळूबाहेर आलेला केस नखासारखा निर्जीव असतो, त्यामुळे तो जखमेसारखा भरून येत नाही. ओल्या केसात मुरलेले पाणी तापलेल्या पट्ट्यांमध्ये एकदम उकळते, वाफेला वाट न मिळाल्याने केसाच्या आत बुडबुडे धरतात आणि तिथे तो पोकळ होतो. तुम्हाला दिसणारे ठिपके म्हणजे केस आतून पिंजला गेल्याच्या जागा. भिंगाखाली पाहिले तर दोन कुंचे एकमेकांत खुपसल्यासारखे दिसते. तेवढा भाग कापणे हाच खरा उपाय आहे. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, तेव्हा सगळे एकदम नको असतील तर दर दोन महिन्यांनी दोन बोटे कापत जा. अंड्यातील प्रथिनांचे रेणू मोठे असल्याने ते केसात शिरत नाहीत, आणि ते कढत पाण्याने धुतले तर डोक्यातच शिजते. त्याचे कण वेचण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. केराटिनही सध्या करू नका. त्यातही पट्ट्या बऱ्याच तापवूनच फिरवतात, आणि काही द्रावणांतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो.

उत्तर (परभणीहून, रसायनशास्त्राचा शिक्षक)
वरील उत्तर योग्यच आहे. फक्त उरलेले केस जपण्याबद्दल लिहितो. न्हाण्याआधी रात्री खोबरेल लावावे, कारण ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. आपल्याकडे घरोघरी असणारे करडईचे तेल बहुतांशी वरच राहते, तेव्हा ते भाजीलाच बरे. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. बादलीला जो पांढरा थर धरतो, तेच क्षार केसांवरही बसतात आणि केस राठ होतात. गोड्या पाण्याने न्हा, असे लातूरकरांना सांगणे ही चेष्टाच ठरेल; 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी कोणी विसरलेले नाही. म्हणून फक्त शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्यावा आणि त्यात चमचाभर लिंबाचा रस घालावा. टाळूला जखम असेल तर लिंबू टाळावे.

उत्तर (बीडहून)
स्ट्रेटनर पुढे वापरायचाच असेल तर केस पूर्ण कोरडे करून, उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे लावून, 180 अंशांच्या वर न जाता, आणि एका बटेवरून एकदाच फिरवावा. माझे केस बारीक आहेत, मी 150 वरच थांबते. तेल लावलेल्या केसांवर तर मुळीच नको.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. आज पुढच्या बटा चार बोटे कापल्या. सासूबाईंनी कापलेली बट हातात घेऊन बोटांत चुरली, तर तिचा खरोखरच भुगा झाला. आता अंड्याचा आग्रह त्यांनीच सोडला आहे. स्ट्रेटनर मात्र नणंदेने सासरी नेला असल्यामुळे 180 चा सल्ला तिला कळवते.