कुत्र्याची हंगामी खाज: पंजे धुणं, अंघोळ आणि गोळ्या यांबद्दल नेमकी माहिती हवी आहे

गवतवाट
कुत्रा नर, वय ४ वर्षं, वजन १८ किलो. सलग दुसऱ्या वर्षी गवत फुलोऱ्यावर आलं की त्रास सुरू होतो आणि दोन-अडीच महिन्यांनी आपोआप थांबतो. पुढचे दोन्ही पंजे चाटतो, तोंड गादीवर घासतो, काखेत फिकट लाली आहे. केस गेलेले नाहीत, जखम नाही, कानाला वास नाही. खाणं, खेळणं, झोप सगळं नीट.

पशुवैद्यांनी तपासून सांगितलं की ही सौम्य हंगामी अ‍ॅलर्जी आहे, आत्ता गोळ्यांची गरज नाही, पंजे धुवा, वाढलं तर आणा. पंजे कशाने आणि किती वेळा धुवायचे? अंघोळ आठवड्याला की महिन्याला? दोन्ही सल्ले वाचले आहेत. माणसांची अ‍ॅलर्जीची गोळी सेटिरिझिन चालते का, आणि तिचा उपयोग किती? पुढच्या हंगामाआधी काही करून ठेवता येईल का?

पिसवांसाठी मानेवर सोडायचे थेंब महिन्याला एकदा देतो, थंडीचे महिने सोडून. अंघोळ रविवारी सकाळी आणि थेंब त्याच संध्याकाळी.

चारपावलं
तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरू करतो, कारण खरी गळती तिथे आहे.

हे थेंब त्वचेवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतात. सकाळी शाम्पूने तो थर धुऊन टाकला की संध्याकाळचे थेंब नीट पसरत नाहीत. अंघोळ आणि थेंब यांच्यात दोन्ही बाजूंनी किमान ४८ तास सोडा आणि औषधासोबतच्या कागदावर त्याहून जास्त अंतर सांगितलं असेल तर ते पाळा. अ‍ॅलर्जीमुळे दर आठवड्याला अंघोळ घालायची असेल, तर थेंबांऐवजी पोटातून द्यायच्या गोळीबद्दल पशुवैद्यांना विचारा. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर ही त्या गटातली औषधं अंघोळीने कमी होत नाहीत. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर मात्र ते आधी सांगा, या गटात ती काळजी घ्यावी लागते.

थंडीत खंड पाडू नका. पिसवांचे कोष घरातल्या गादीत, फटींत कित्येक आठवडे, कधी महिनेही टिकतात आणि ऊब मिळाली की फुटतात.

परागकणांच्या खाजेत पिसवांची एवढी चर्चा कशाला, असं वाटेल. खाजेला एक उंबरठा असतो. परागकण, धुळीतले सूक्ष्म किडे, पिसवांचे चावे, त्वचेवरची बुरशी या सगळ्यांची बेरीज तो उंबरठा ओलांडते तेव्हा कुत्रा खाजवायला लागतो. हवेतले परागकण तुम्ही थांबवू शकत नाही, पण बाकीचे तीन वजा करता येतात, आणि सौम्य अ‍ॅलर्जीत बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पिसवा आहेत का ते पाहायला बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळाशी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर रंग पसरत नाही. खाजेची जागाही बोलते. कमरेचा शेवट, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू असेल तर पिसवांचा संशय घ्यायचा. पंजे, काखा, चेहरा, कान, पोटाचा खालचा भाग असेल तर परागकण किंवा धूळ.

ओलेपंजे
पंजांबद्दल. फिरून आल्यावर प्रत्येक वेळी, साध्या कोमट पाण्याने. साबण नको. रोज तीन वेळा साबण लावला तर त्वचेचा संरक्षक थर जातो आणि परागकणांना आत शिरायला आणखी सोपं होतं. कुत्र्यात अ‍ॅलर्जीकारक कण मुख्यतः त्वचेतूनच आत जातात. म्हणून माणूस शिंकतो तिथे कुत्रा चाटतो.

पसरट टबात पंजा बुडेल एवढं, ५ ते ७ सेंटिमीटर पाणी घ्या. एकेक पंजा अर्धा मिनिट बुडवून बोटं फाकवा आणि मधल्या खाचांतून बोट फिरवा. तळव्याच्या गाद्यांमधल्या खळगीतही कण अडकतात, ती विसरू नका. दोन पंजांनंतर पाणी बदला.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. पंजा वरवर पुसून सोडून देतात आणि बोटांच्या बेचक्यात ओल राहते. मॅलासेझिया नावाची बुरशी त्वचेवर एरवीही थोडी असतेच, ओल आणि उष्णता मिळाली की ती वाढते आणि तिची स्वतःची खाज सुरू होते. मग धुतल्यामुळे त्रास वाढला असं वाटतं, खरं कारण न पुसणं असतं. पाणी शोषणारा कपडा बोटांच्या मध्ये दाबून धरा, घासू नका. केस लांब असतील तर तळव्याच्या बाजूचे गाद्यांच्या पातळीत कापा, टोकं बोथट असलेल्या कात्रीने.

वेळ नसेल त्या दिवशी अल्कोहोल आणि सुगंध नसलेला ओला रुमाल चालेल. त्याच रुमालाने पोट, काखा आणि तोंडाभोवतीचा भागही पुसा, गवतातून चालताना तोही घासला जातो. फिरायला कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी नुकतं कापलेलं किंवा तुऱ्याला आलेलं गवत टाळा.

आणि एक महत्त्वाचं: एकाच पंजाचं चाटणं अ‍ॅलर्जीचं सहसा नसतं. तिथे काटा, गवताचं कुसळ, तुटलेलं नख किंवा सांध्याचं दुखणं शोधायचं. कुसळ त्वचेत शिरून आत सरकत जातं, त्यामुळे बोटांमध्ये गाठ किंवा छोटं भोक दिसलं तर थांबू नका.

फेसाळ
अंघोळीबद्दलचे दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा पुरते. तुमच्या कुत्र्याला त्या दोन-अडीच महिन्यांत आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा.

शाम्पू कुत्र्यांसाठीचाच. माणसाच्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५.५, कुत्र्याचा त्याहून वर, उदासीनच्या आसपास. लहान मुलांचा शाम्पू सौम्य असला तरी तो माणसाच्याच त्वचेसाठी बनवलेला असतो. संसर्ग नसताना ओट किंवा सेरामाइड (त्वचेच्या थरातला स्निग्ध पदार्थ) असलेला, बिनसुगंधी निवडा. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा औषधी शाम्पू उगाच वापरू नका, तो त्वचा कोरडी करतो.

पाणी कोमटपेक्षा किंचित गारच. गरम पाण्याने खाज हमखास वाढते. फेस पंजांना आणि काखांना आधी लावा, पाठीला शेवटी, म्हणजे जिथे गरज जास्त तिथे शाम्पू जास्त वेळ राहतो. मग घड्याळ लावून १० मिनिटं थांबा. त्याआधी धुतलात तर शाम्पूचा निम्मा उपयोग वाया जातो, आणि बहुतेक घरी दोन मिनिटांत अंघोळ उरकलेली असते. या वेळात चाटू न देणं हेच कठीण काम, म्हणून एक माणूस डोक्याजवळ हवा. फेस जाईपर्यंत नव्हे, त्यानंतरही दोन मिनिटं पाणी घाला. काखेत राहिलेला शाम्पू दुसऱ्या दिवशी लाली म्हणून दिसतो. गरम हवेचं यंत्र नको.

अंथरूण आठवड्याला एकदा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा. त्याने परागकण जातात आणि धुळीतले किडेही मरतात.

मात्रा_आणि_मर्यादा
सेटिरिझिन कुत्र्याला देतात, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. ती ज्या रसायनाला अडवते त्या हिस्टामिनचा वाटा कुत्र्याच्या खाजेत माणसाइतका मोठा नसतो. आयएल-३१ नावाचा संदेशवाहक रेणू तिथे जास्त काम करतो, आणि सेटिरिझिन त्याला हात लावत नाही. काही कुत्र्यांना थोडा फरक पडतो, बऱ्याच कुत्र्यांना पडत नाही. खाज भडकल्यावर दिली तर आणखी कमी. वापरायचीच तर हंगाम सुरू होण्याच्या आधीपासून रोज द्यायची आणि दोन आठवड्यांत फरक नसेल तर थांबवायची.

प्रचलित मात्रा दर किलो वजनाला साधारण १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मात्र ती तुमच्या पशुवैद्यांनी ठरवायची, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार किंवा फिटचा इतिहास असेल तर. गोळीत फक्त सेटिरिझिन आहे ना, हे आधी वाचा. सर्दीच्या जोडगोळ्यांत स्यूडोएफेड्रिन, फेनिलेफ्रिन किंवा पॅरासिटामॉल असतं, ती कुत्र्याला घातक ठरू शकतात. पातळ औषधात झायलिटॉल हा गोडवा असू शकतो, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

खाज वाढली तर खरोखर चालणारी औषधं वेगळी आहेत, सगळी पशुवैद्यांकडूनच. ओक्लासिटिनिब काही तासांत खाज उतरवतं, १२ महिन्यांखालच्या पिल्लांना देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन आयएल-३१ लाच बांधून ठेवतं, परिणाम साधारण ४ ते ८ आठवडे टिकतो. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामाला एक किंवा दोन इंजेक्शनं पुरू शकतात. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड स्वस्त आणि जोरकस, पण तहान, लघवी आणि भूक वाढवतं. ते मनाने बंद करायचं नाही, आणि सूज-वेदनांच्या इतर गोळ्यांसोबत तर अजिबात द्यायचं नाही.

माणसांची मलमं लावू नका. कुत्रा चाटणार, म्हणजे ते औषध पोटात जाणार. झिंक ऑक्साइड चाटून विषबाधा होते, सोरायसिसच्या मलमातलं कॅल्सिपोट्रिऑल थोडंसुद्धा जीवघेणं आहे. टी ट्री तेलही नको, कुत्र्यांना ते विषारी आहे.

गवतवाट
थेंबांची वेळ बदलतो आणि गोळीबद्दल विचारतो. आज बोटं फाकवून पाहिलं तर उजव्या पुढच्या पंजात केस तपकिरी झालेत आणि हलका आंबूस वास येतोय. डाव्यातही तपकिरी रंग आहे, वास नाही. ही बुरशी का? व्हिनेगर पाण्यात मिसळून लावावं का?

ओलेपंजे
रंग आणि वास वेगळे धरा. तपकिरी रंग लाळेतल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे येतो, म्हणजे चाटणं जुनं आहे एवढंच कळतं. डाव्या पंजाचा अर्थ तेवढाच. आंबूस वास, चिकटपणा, जाडसर किंवा काळपट होत जाणारी त्वचा ही बुरशीची लक्षणं. उजव्याला पशुवैद्यांकडे नेऊन चिकटपट्टीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. काही मिनिटांचं काम आहे आणि बुरशी की जीवाणू ते तिथेच कळतं. वास एकाच पंजाला आहे, म्हणून कुसळही त्याच फेरीत शोधायला सांगा.

बुरशी निघाली तर सहसा २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनाझोल (बुरशीनाशक) असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तोच १० मिनिटांचा नियम. वर अंघोळीच्या उत्तरात औषधी शाम्पूला नाही म्हटलंय ते संसर्ग नसतानाचं. व्हिनेगर नको. चाटून सोललेल्या त्वचेवर ते झोंबतं आणि कुत्रा दुप्पट चाटतो. नमुना घ्यायच्या आधी दोन दिवस त्या पंजाला काहीच लावू नका, साधं पाणी चालेल. तोवर चाटणं थांबवायला गळ्यातला शंकू वापरा.

मात्रा_आणि_मर्यादा
पुढच्या हंगामाचं राहिलं होतं. माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं त्वचेचा थर सुधारतात, पण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. म्हणून खाज सुरू झाल्यावर दिलेलं तेल त्या हंगामाला उपयोगी पडत नाही. फुलोऱ्याच्या तीन महिने आधी सुरू करा.

१८ किलोला ईपीए आणि डीएचए ही त्यातली दोन ओमेगा-३ आम्लं मिळून रोज सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम. इथे फसगत होते. बाटलीवर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन, त्यात ही दोन आम्लं मिळून बहुधा ३०० च्या आसपास असतात. मागचा बारीक मजकूर वाचून हिशेब करा. साध्या कॅप्सूल तीन-चार लागतील. पाव मात्रेपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा, नाहीतर जुलाब होतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नाही. कॉड माशाच्या यकृताचं तेल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त असतं, या मात्रेत ते चालणार नाही. तेलाला खवट वास आला तर टाकून द्या.

यंदा रोज रात्री खाजेला ० ते १० पैकी आकडा द्या आणि तारखेसह लिहून ठेवा. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे खाणं-झोपणं सोडून खाजवणं. हंगाम संपल्यावरही आकडा खाली आला नाही तर अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा धूळ यांचा विचार करावा लागेल. अन्नासाठी किमान ८ आठवडे मोजकाच, पशुवैद्यांनी ठरवलेला आहार देऊन पाहतात. लाळेच्या किंवा केसांच्या चाचणीवर पैसे घालवू नका, त्यांवर विसंबता येत नाही.

आकडा सलग तीन दिवस ५ च्या वर गेला, कानाला वास आला, डोकं एका बाजूला कलतं ठेवलं किंवा ओलसर, केस गेलेला चट्टा दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. चेहरा अचानक सुजला, अंगावर गांधी उठल्या आणि सोबत उलट्या किंवा श्वासाला त्रास असेल तर मात्र ती हंगामी खाज नाही. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.