मंडळाचा निधी इमारतींना द्यावा की माणसांच्या वेतनाला?

सागरपार (मूळ धागा)
"गावाकडे पाठवलेला पैसा डोळ्यांना दिसला पाहिजे, वेतनावर एक डॉलरही जाता कामा नये," असे अमेरिकेतील आपल्या मराठी मंडळाच्या मदतनिधीविषयी एका सभासदांनी लिहिले आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील मराठी माणसांच्या देणग्यांतून महाराष्ट्रात वर्गखोल्या झाल्या, रुग्णवाहिका आल्या. परंतु त्या रुग्णवाहिकेच्या चालकाला दरमहा वेतन कोण देणार, हे आमच्या बैठकीत कोणीही विचारत नाही. गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्यसंस्थेने नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, ती गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांच्या बळावर. अशा कामावर कोनशिला बसवता येत नाही.

कष्टाचा डॉलर
ते सभासद म्हणजे मीच. वडिलांच्या तालुक्यातील एका संस्थेला मी अनेक वर्षे देणगी दिली आणि हिशेब मागितला तेव्हा 'कार्यालयीन खर्च' एवढी एकच ओळ हाती आली. वर्गखोली निदान उभी असलेली दिसते. भारत सरकारनेही २०२० साली परकीय देणग्यांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून त्या निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, ती उगीच नव्हे.

ताळेबंद
नियम पुरता वाचावा, ही विनंती. रुग्णालयातील डॉक्टर आणि शाळेतील शिक्षक यांचे वेतन प्रशासकीय खर्चात धरलेच जात नाही. त्या २० टक्क्यांत बसवायचे असते ते कार्यालयाचे भाडे आणि हिशेबनिसाचा पगार. म्हणजे ज्या हिशेबासाठी आपण रागावला आहात, तो लिहिणाऱ्या माणसाच्याच पैशाला कात्री लागली आहे.

वाडीवरची कार्यकर्ती
आपण दोघेही टक्केवारीत अडकलात. आमचे खरे नुकसान झाले ते हस्तांतरणाच्या बंदीने. २०२० पूर्वी त्या कायद्याखाली नोंदणीकृत असलेली एक संस्था आपल्याकडचा परकीय निधी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत असे. आमचे पाळणाघर त्यावरच चालत होते, कारण दूर वाडीवरच्या आम्हाला परदेशातला देणगीदार थेट कसा ओळखणार? ती वाट त्याच दुरुस्तीने बंद झाली, आणि त्याबद्दल एकाही मंडळाने आम्हाला साधी विचारणा केली नाही.

कष्टाचा डॉलर
मग मी थेट देतो. माझे पारपत्र भारतीय आहे. माझ्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही.

ताळेबंद
हे बरोबर आहे, पण ते आपल्यापुरतेच. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्यांची देणगी परकीयच ठरते, मंडळाच्या खात्यातून गेलेली रक्कमही परकीयच. ती घेणाऱ्या संस्थेला नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते लागते.

कष्टाचा डॉलर
माझ्या प्रत्येक वाक्यात चूक शोधण्याचा आपण विडाच उचलला आहे. माझी फसवणूक झाली, त्याबद्दल मात्र कोणाला एक शब्द लिहावासा वाटला नाही!

सागरपार
आपला राग रास्त आहे. पण एका संस्थेने हिशेब दडवला, म्हणून प्रामाणिक संस्थेच्या परिचारिकेने विनावेतन राबावे, हे मला मान्य नाही.

कष्टाचा डॉलर
ठीक आहे. वेतनाचा ठराव सर्वसाधारण सभेत आणा. मी विरोध करणार नाही. मात्र दर सहामाहीला तपशीलवार हिशेब हवा आणि मदत तीन वर्षांपुरतीच असावी.

वाडीवरची कार्यकर्ती
हिशेब दर महिन्याला देऊ. पण चौथ्या वर्षी चालकाला काय सांगायचे, तेही त्याच ठरावात लिहा.