सात महिन्यांचं लेकरू, साडेचार वर्षांची ताई: नाताळला बाराशे रुपयांत काय न्यावं?

मावशी_लातूर

नाताळला बहिणीकडं जालन्याला जायचंय. तिची थोरली साडेचार वर्षांची, पाठचा मुलगा डिसेंबरात 7 महिन्यांचा होतोय. दोघांचं मिळून बजेट 1,200 रुपये, त्याच्या वर जायचं नाही. अडचण अशी की थोरलीची खेळणी घरात पोतंभर पडलीत आणि कपडेही तिचेच याला होतायत. मग बारक्याला नवीन द्यायचं तरी काय? काहीच नेलं नाही तर बरं दिसत नाही, आणि त्याला मोठं काही नेलं तर ताईचं तोंड फुगणार. बारका नुकता बसायला लागलाय, हाताला लागेल ते तोंडात घालतो. ऑनलाइन मागवायला आता वेळ नाही, लातूरच्या बाजारात मिळेल किंवा घरी करता येईल असं सांगा.

उतरंड

खेळण्यांच्या दुकानाआधी भांड्यांच्या दुकानात जा. गंजगोलाईच्या बाजारात एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या किंवा छोटे गोल डबे मिळतात. पाच नगांचा संच घ्या. पत्र्याच्या जाडीप्रमाणं भाव बदलतो, पण 300 रुपयांच्या आसपास काम व्हावं.

घेताना तीन गोष्टी बघा. कडेवरून बोट फिरवा. कड बाहेर वळवून दाबलेली असेल तर चालते, नुसत्या कापलेल्या पत्र्याची कड ओठ कापते. रिव्हेटनं बसवलेला कान किंवा दांडा नको, कारण रिव्हेट ढिली झाली की तिथं बोट अडकतं. आणि जड बुडाची भांडी नकोत. या वयाचं लेकरू वाटी हातात घेऊन उताणं पडतं आणि तीच वाटी तोंडावर आपटते. डबे घेतले तर झाकणं बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊ द्या, घट्ट झाकणाच्या कडा बहुतेक वेळा धारदार असतात.

हेच का? सातव्या महिन्यात तो दोन वाट्या एकमेकींवर आपटणार, एवढंच. आठव्या-नवव्यात वाटीखाली चेंडू झाकला तर वाटी उचलून शोधेल. वर्षाच्या आसपास एकात एक टाकणं आणि काढणं सुरू होतं, दीड वर्षाला दोन-तीन नगांची उतरंड रचता येते. एकच संच वर्षभर नवा राहतो. तोवर रचायचं काम ताईचं आणि पाडायचं त्याचं. साडेचार वर्षांच्या पोरीला हा खेळ आवडतो, फक्त तिला आधी सांगून ठेवा की पाडणं हाच त्याचा डाव आहे, नाहीतर तिसऱ्या वेळी रडारड ठरलेली.

भातुकलीचा संच मात्र घेऊ नका. त्यातली चमची-झारे तीन वर्षांच्या आतल्या लेकरासाठी नसतात.

पट्टी_आणि_कात्री

वाट्यांना अनुमोदन. पण पैसे खर्चायच्या आधी ते पोतं उपसा. बारक्याला लागणारं बरंचसं त्यातच सापडेल, आणि जे धोक्याचं आहे तेही त्यातच.

मापासाठी घरीच एक नळी करा. जाड कागदाची पट्टी कापा, लांबी 10 सेंटीमीटर, रुंदी साधारण साडेपाच. टोकाला टोक भिडवून बाहेरून टेप लावा, टोकं एकमेकांवर चढवू नका. आतला व्यास जवळपास 32 मिलिमीटर येतो. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत लहान भागांसाठी 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, हे त्याचंच घरगुती रूप. न दाबता जी वस्तू या नळीत पूर्ण मावते ती बारक्याच्या हाती द्यायची नाही. कल्पना यावी म्हणून, 10 रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, म्हणजे ते सहज आत जातं. चेंडूला मात्र ही चाचणी पुरत नाही. गोल वस्तू घशात चपखल बसते, म्हणून चेंडू साडेचार सेंटीमीटरहून मोठाच हवा.

नळीनंतर ओढून बघा. अस्वलाचे प्लास्टिकचे डोळे दोन बोटांत धरून जोरात ओढा. हलले तर कापून टाका आणि त्या जागी काळ्या दोऱ्यानं डोळे भरा. दाबल्यावर पिपाणी वाजवणाऱ्या रबरी बदकांच्या बुडाला भोक असतं, त्यातून पाणी आत जाऊन काळी बुरशी धरते. ती धुऊन निघत नाही, सरळ फेकायची. ओढायच्या गाड्यांची दोरी वीतभराहून लांब असेल तर कापा. बॅटरीच्या खेळण्याचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ते बाद. आत पांढरी पूड दिसली तर बॅटरी गळलेली आहे, तेही बाद.

उरलेलं सगळं साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. त्यातली चारच एका वेळी बाहेर काढा, बाकीची कपाटात. दर आठ-दहा दिवसांनी अदलाबदल केली की जुनंही नवं वाटतं.

नवीन खेळणं घेतलंच तर आयएसआय चिन्ह पाहून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकायच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. चिन्हाखाली सीएम/एल आणि पुढं परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीचा आणि चालू आहे का ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. आठवडी बाजारातल्या पिशवीबंद खेळण्यांवर नुसतं चिन्ह छापलेलं आणि नंबर नाही, असा माल दिसतो. तो तिथंच ठेवा.

धावदोरा

वरचं सगळं बरोबर, पण थोडी असहमत. पाठच्या लेकराला सगळंच उतरलेलं मिळतं, म्हणून एक तरी वस्तू त्याच्या नावाची असावी. ती महाग असायची गरज नाही.

पहिला पर्याय चेहऱ्यांचं पुस्तक. या वयात चित्रापेक्षा ओळखीचा चेहरा लेकराचं लक्ष जास्त धरून ठेवतो. आई, बाबा, ताई, आजी, आजोबा आणि खुद्द बारका, असे सहा फोटो 4×6 इंचांत छापून घ्या. पाठीला पाठ लावून दोन-दोन फोटो एकत्र लॅमिनेट करा, म्हणजे तीन जाड पानं होतात. इथं हमखास चूक होते ती अशी: दुकानदार फोटोच्या कडेला लागून कापतो. मग लाळ आत शिरते, दोन दिवसांत थर सुटतात आणि लेकरू प्लास्टिक सोलून चघळतं. फोटोभोवती निदान 5 मिलिमीटर नुसतं प्लास्टिक राहिलं पाहिजे, बांधायच्या बाजूला दीड सेंटीमीटर. भोकं त्या मोकळ्या पट्टीतच पाडायची, फोटोत नाही. चारी कोपरे कात्रीनं गोल करा, लॅमिनेशनचा कोपरा डोळ्याला लागतो. बांधायला किल्लीचं कडं नको. सुती नाडीची घट्ट गाठ मारा आणि टोकं अगदी आखूड ठेवा. सगळं मिळून दीडशे-दोनशेत होतं.

दुसरा पर्याय खाली अंथरायची गोधडी. 90×90 सेंटीमीटर पुरे. दोन जुन्या सुती साड्या, जरीचे काठ काढून. वरचा थर नवा कापड घेणार असाल तर शिवायच्या आधी गरम पाण्यात धुऊन घ्या. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही, आणि गोधडी गोळा होते. तीन थर जमिनीवर ताणून अंथरा, मधून कोपऱ्यांकडं कच्चे टाके घाला, मग दोन-दोन बोटांवर धावदोरा. मधून बाहेर गेलं तरच कापड सरकत नाही. गाठी थरांच्या आत दडवा. कोपऱ्यात त्याचं नाव साखळीटाक्यानं. मणी, आरसे, घुंगरू काही लावू नका. हातानं आठवडा लागतो, त्यामुळं आजच सुरुवात करा. बहिणीला एवढं सांगा की ही खेळायला अंथरायची आहे. वर्षाच्या आत झोपलेल्या बाळाच्या अंगावर जाड सुटं पांघरूण आणि डोक्याखाली उशी नको, मोहरीचीसुद्धा.

मावशी_लातूर

फोटोंचं पुस्तक पक्कं. बहिणीला फोन करून पोतं उपसायला लावलं. त्यात निघालं: चुंबकाचे रंगीत चौकोन, निर्मळचा लाकडी हत्ती, गाणं वाजणारं शुभेच्छापत्र, आणि बसायचा चाकाचा वॉकर. यातलं काय ठेवायचं?

पट्टी_आणि_कात्री

चुंबकाचे चौकोन ताईचे, आणि ताईच्याच उंच फळीवर. प्रत्येकाच्या कडा बघा. चीर गेलेला एकही तुकडा ठेवू नका, कारण आतली चुंबकं सुटतात. दोन चुंबकं वेगवेगळ्या वेळी पोटात गेली तर आतड्याचे पदर मधे धरून एकमेकांना चिकटतात आणि तिथं भोक पडतं. ऑपरेशनशिवाय सुटका नाही.

शुभेच्छापत्र आजच घराबाहेर. त्यात बटणासारखा सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना आणि एक्स-रे. नाताळच्या दिव्यांचे रिमोट, वाजणारे सांताक्लॉज, चमकणाऱ्या टोप्या, या सगळ्यांत असले सेल असतात. ही तपासणी घरभर करा.

वॉकर देऊन टाकू नका, मोडून टाका. त्यानं पाय लवकर येत नाहीत, आणि लेकरू क्षणात पायऱ्यांपाशी किंवा चुलीपाशी पोचतं. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो उभं राहायला लागलेल्या लेकरानं ढकलायचा, त्यामुळं वर्षानंतर, कुणीतरी जवळ असताना चालेल.

निर्मळचा हत्ती शोकेसमध्ये. नांदेडच्या पलीकडं तेलंगणात गाव आहे, काम देखणं, पण ती शोभेची वस्तू. वरचा रंग चघळण्यासाठी दिलेला नसतो. लाकडीच हवं असेल तर कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी बघा. तिथं लाकूड कातायच्या चरकावर फिरवतानाच लाख चढवतात. तरी विकणाऱ्याला वनस्पतीजन्य रंग आहेत का विचारा, आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग उतरतो का पाहा. खुळखुळ्याचा दांडा नळीत जाणारा नको.

पोळपाट_लाटणं

ताईबद्दल कुणी फार बोललं नाही. माझ्या मते बाराशेतले सातशे तिचे. बारक्याला नाताळ कळत नाही, तिला कळतो. आणि ती रुपये मोजत नाही, पुड्या मोजते. त्याच्या दोन तर तिच्या तीन ठेवा.

तिच्यासाठी: जाड तेलखडू, कोऱ्या कागदांची वही, छोटं पोळपाट-लाटणं, मराठी चित्रपुस्तकं. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त असतात. आणि एक पक्क्या झाकणाचा डबा, फक्त तिचा. त्यातलं बारक्याला द्यायची सक्ती नाही, हे मोठ्यांनी सगळ्यांसमोर म्हणावं. या डब्याचा उपयोग खेळण्याहून जास्त होतो.

लाटण्याबरोबर खेळायला घरी केलेला मळीव गोळा द्या. मैदा 2 वाट्या, मीठ 1 वाटी, पाणी 2 वाट्या, तेल 2 मोठे चमचे, लिंबाचा रस 2 मोठे चमचे. सगळं कढईत गुठळी मोडून कालवा, मंद आचेवर सतत हलवा. पाच-सात मिनिटांत कढई सोडून गोळा होतो. कोमट असताना मळा. चिकटला तर आणखी मिनिटभर आचेवर, कोरडा पडला तर पाण्याचा हात. हळद आणि खायचे रंग चालतात. ज्वारीच्या पिठाचा करायला जाऊ नका. त्याला मैद्याचा चिवटपणा नसतो, दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे टिकतो, ओलसर डाग दिसला की टाकायचा. मीठ इतकं आहे की बारक्याच्या पोटात जाणं धोक्याचं, म्हणून हा खेळ टेबलावर आणि तो झोपलेला असताना.

बारक्याची पुडी तिलाच बांधायला आणि सोडायला लावा.

उतरंड

पुडी कागदाची करू नका. चकचकीत कागद, टेपचे तुकडे, फुगे, थर्माकोलचे मणी, सगळं त्याच्या तोंडात जाणार. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तर सगळ्यात वाईट, श्वासनलिकेवर चिकटून बसतो. ब्लाउजपीसमध्ये बांधा. तोच कपडा पुढं लपाछपीला लागतो: वाटीवर टाकायचा, ओढायचा.

कपडे न्यायचेच असतील तर स्वेटर घेऊ नका. शिवरात्रीला थंडी जाते, आणि मार्चपासून जालन्यात अंगावर कपडा नको होतो. एप्रिलमध्ये तो अकरा महिन्यांचा असेल, म्हणून 12 ते 18 महिने मापाची पातळ सुती झबली दोन घ्या, खांद्यावर बटण नसलेली, मोठ्या गळ्याची.