मदत हवी आहे: ट्रायकेअर – पुण्यातल्या ऑपरेशनचे पैसे परत कसे मिळवायचे?

मुठेकाठी:
मंडळी, नवरा अमेरिकेच्या आर्मीत आहे, मी ट्रायकेअर प्राइमवर (ट्रायकेअर म्हणजे तिथल्या सैनिकांचा आणि कुटुंबीयांचा आरोग्य विमा; प्राइम हा त्यातला प्लॅन, एरवी बाहेरच्या उपचारांना आधी परवानगी लागते). सुट्टीत पुण्यात असताना अपेंडिक्सचं तातडीचं ऑपरेशन झालं, तीन दिवस ॲडमिट होते. बिल १,८५,४०० रुपये. पैकी ६०,००० बाबांनी यूपीआयने भरले, बाकी माझ्या कार्डावर. हॉस्पिटलने एकपानी बिल दिलंय, त्यावर फक्त 'लॅप. अपेंडिक्स पॅकेज' आणि आकडा. कोणता फॉर्म, कुठे पाठवायचा, मुदत किती? बाबांनी भरलेल्या पैशांचं काय?

जमाखर्च:
फॉर्म डीडी २६४२. मुदत डिस्चार्जच्या तारखेपासून तीन वर्षं (अमेरिकेतल्या उपचारांना एकच वर्ष असतं, त्यामुळे लोक उगाच घाबरतात).

पाठवायचा ट्रायकेअर ओव्हरसीजकडे, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे क्लेम बघणाऱ्या विभागाकडे. घर अमेरिकेत आहे म्हणून ह्युमाना मिलिटरी किंवा ट्रायवेस्ट या तिथलं ट्रायकेअर सांभाळणाऱ्या कंपन्यांकडे धाडू नका. उपचार कुठल्या देशात झाले यावर क्लेम कुणाकडे जाणार ते ठरतं. टपालाचा पत्ता विभागवार वेगळा आहे, भारत पॅसिफिकमध्ये मोडतो. त्यापेक्षा ऑनलाइन पोर्टलवर अपलोड करणं बरं.

फॉर्मवर सही तुमचीच हवी. रुग्ण अठरा वर्षांवरचा असेल तर नवऱ्याने केलेली सही चालत नाही, मग पॉलिसी त्याच्या नोकरीमुळे का असेना. आजार लिहायच्या रकान्यात नुसतं 'सर्जरी' नको. 'अचानक पोटदुखी, तीव्र अपेंडिसायटिस, तातडीची शस्त्रक्रिया' असं इंग्रजीत स्पष्ट लिहा. प्राइमवाल्यांना इमर्जन्सीसाठी आधी परवानगी लागत नाही, पण ती इमर्जन्सी होती हे कागदावर दिसायला हवं. ॲडमिट झाल्यावर ट्रायकेअरला चोवीस तासांत कळवायचं असतं. फोन केला असेल तर तारीख आणि केस नंबर जोडा.

केसपेपर:
खरी गोची त्या पॅकेज बिलात आहे. क्लेम तपासणाऱ्याला खोलीभाडं, सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, लॅब, औषधं असं प्रत्येक ओळीचं वेगळं शुल्क तारखेसह बघायचं असतं. बिलिंग काउंटरवर 'ब्रेकअप बिल' मागा. 'पॅकेजला ब्रेकअप नसतो' हे उत्तर ठरलेलं. तिथून टीपीए डेस्कला (हॉस्पिटलमधलं विम्याचं काम बघणारं काउंटर) जा, मेडिक्लेमसाठी हेच रोज काढून देतात. सोबत डिस्चार्ज समरी, डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि निदान.

औषधांच्या बिलावर नाव, किती मिलिग्रॅम, किती गोळ्या हे वाचता येईल असं हवं, शिवाय प्रिस्क्रिप्शन. सोबत राहिलेल्यांच्या जेवणाचे पैसे बिलात घुसले असतील तर ते मिळणार नाहीत.

आणि तारखा! बिलावर ०४/०७ म्हणजे आपल्याला ४ जुलै, तिकडे वाचणाऱ्याला ७ एप्रिल. डिस्चार्ज समरीत 'जुलै' अक्षरांत आणि बिलात आकडे, की झाली विसंगती. वेगळ्या कागदावर ॲडमिट-डिस्चार्जच्या तारखा महिन्याच्या नावासह लिहून द्या. १,८५,४०० मधले स्वल्पविरामही त्यांच्या सवयीचे नाहीत. त्याच कागदावर '185400 भारतीय रुपये' असं इंग्रजीत लिहा.

जमाखर्च:
पैसे भरल्याचा पुरावा बिलाइतकाच महत्त्वाचा. कार्डाच्या रकमेला कार्ड स्टेटमेंट. यूपीआयला मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवून थांबू नका. बाबांच्या बँक स्टेटमेंटचं ते पान काढा. त्यावरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हॉस्पिटलच्या पावतीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. पावती तुमच्या नावाने, 'रुग्णाच्या वतीने वडिलांकडून प्राप्त' अशा उल्लेखाची करून घ्या, वर बाबांची दोन ओळींची सही केलेली चिठ्ठी जोडा. रोख भरले असते तर बँकेतून काढल्याची नोंद आणि हॉस्पिटलची पावती, दोन्ही लागलं असतं.

डॉलरचा दर उपचाराच्या शेवटच्या दिवसाचा धरतात, कार्ड कंपनीने लावलेला नाही. थोडा फरक पडतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मुठेकाठी:
ब्रेकअप मिळतोय, उद्या. भारतातल्या एका मेडिक्लेममध्ये माझं नाव लग्नाआधीपासून आहे, ते सांगायचं का?

केसपेपर:
सांगायचंच. इतर विमा असेल तर आधी तिकडे क्लेम, मग उरलेल्यासाठी ट्रायकेअर. त्यांचं सेटलमेंट लेटर किंवा नकाराचं पत्र जोडावं लागतं. लपवलंत आणि नंतर निघालं तर दिलेले पैसे परत मागतात. मेडिक्लेमवाले मूळ कागद ठेवून घेतात, म्हणून आधी सगळं स्कॅन करा.

कागद कमी पडला म्हणून क्लेम परत आला तर तो कागद जोडून पुन्हा पाठवा, ते अपील नव्हे. 'इमर्जन्सी नव्हती' म्हणून नाकारला तर मात्र अपील, निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत.

जमाखर्च:
टाके काढायला किंवा नंतरच्या तपासणीला पुण्यातच जाणार असाल तर आधी फोन करून परवानगी घ्या. तो भाग इमर्जन्सीत धरला नाही आणि परवानगीही नसली, तर पॉइंट ऑफ सर्व्हिस लागतो: आधी एका माणसामागे ३०० डॉलर स्वतःचे, वरच्या मंजूर रकमेतले निम्मे पुन्हा तुमचेच. टाके काढायचं बिल ३०० डॉलरच्या आतलंच असणार, म्हणजे हाती शून्य.




मुठेकाठी:
टाके परवा आहेत. आज रात्रीच फोन लावते.